पटावरची फुलं

बाई रोज सकाळी फुलांची हजेरी घ्यायच्या. थट्टा म्हणून नाही. आंघोळ करून, पदर खोचून, चष्मा लावून त्या खिडकीखालच्या फळीसमोर उभ्या राहायच्या. फळीवर स्टीलचे पेले, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, कान तुटलेला चहाचा एक मग, आणि प्रत्येकात दोन-दोन, तीन-तीन फुलं. बाई एकेकाला हाक मारायच्या. "गुलाब, पहिला." वाकून देठ चाचपायच्या, पाकळीखाली बोट धरायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, "हजर." एखाद्याची मान पडलेली दिसली तर पुन्हा हाक मारायच्या. तिसऱ्या हाकेनंतर ते फूल पेल्यातून उचलायच्या आणि म्हणायच्या, "नाव कमी केलं."

फळीवरची फुलं संपली की त्या मागं वळायच्या. मागं लोखंडी पलंगावर त्यांचे मालक, म्हणजे काका, असायचे. एसटीत कंडक्टर होते. लकव्याचा झटका आल्यापासून बोलणं गेलं, हातपाय गेले, खाणंपिणं नाकातल्या नळीतून. डोळे उघडे, पण नजर छताला लागलेली. त्यांचं नाव बाईंनी कधी घेतलं नाही. "अहो?" एवढंच म्हणायच्या आणि थांबायच्या. फुलांपाशी थांबायच्या त्याच्यापेक्षा लय जास्त वेळ थांबायच्या. मग म्हणायच्या, "हजर."

त्या घराचा सगळा प्रश्न एवढाच होता. काकांना कळतं का न्हाई. बाई म्हणायच्या, कळतं. पुण्याहून महिन्या-दोन महिन्यांनी येणारा त्यांचा मुलगा म्हणायचा, आई, तुला वाटतं तसं. शेजारपाजारचे तोंडावर काही बोलत नसत.

मी त्या घरात मागच्या खोलीत भाड्यानं राहिले. बाईंनी ठेवून घेतलं म्हणून राहिले, असं म्हणणं जास्त खरं. नवऱ्याचं घर सोडून परभणीत आले तेव्हा माझ्याकडं पत्र्याची एक पेटी होती आणि एका मंगल कार्यालयात झाडलोटीचं काम. सातवी नापाससुद्धा नाही, सातवीत बसलेच नाही. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार होईना. दार उघडणारा पहिल्यांदा माझ्या मागं बघायचा, मालक कुठाय म्हणून.

बाईंची न् माझी गाठ त्या मंगल कार्यालयातच पडली. कुणा साहेबाच्या सेवानिवृत्तीचा सत्कार होता. शाल, नारळ, हार आणि पंधरा-वीस बुके. साहेब शाली घेऊन गेले, बुके खुर्च्यांवर न् खुर्च्यांखाली राहिले. नेहमीच राहतात. मी खराट्यानं ते ढिगाला लावायले होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करायलीस?"

पांढरी साडी, खांद्याला शबनम पिशवी, हातात कात्री. मला वाटलं कार्यालयवाल्यांची कुणी असेल. झाडायलेय म्हणाले.

"जिवंत हाय ते. जिवंत असलेलं कचऱ्यात टाकतीस होय?"

आणि खाली बसून त्यांनी बुके सोडवायला घेतले. वरचा चकचकीत कागद फाडला, रबर तोडले, तारा उलगडल्या. जरबेराच्या मानेत तार खुपसलेली असते, फूल ताठ दिसावं म्हणून. ती तार काढताना बाई असं तोंड करायच्या जसं काही लहान लेकराच्या पायातला काटा काढायल्यात. सगळं पिशवीत भरून जाताना मला विचारलं, राहायला कुठं हायस. मी सांगितलं, अजून कुठंच न्हाई. त्यांनी माझ्या मागं कुणाला शोधलं नाही. म्हणाल्या, पिशवी धर, चल.

गावात त्यांना सगळे 'बुकेवाल्या बाई' म्हणायचे. सत्कार कुठं आहे, उद्घाटन कुठं आहे, याची खबर त्यांना बरोबर लागायची. आमंत्रण नसलं तरी शेवटच्या रांगेत जाऊन बसायच्या, भाषणं ऐकायच्या, आणि मंडळी जेवायला उठली की कामाला लागायच्या. एकदा एका पुढाऱ्याच्या हातातलाच बुके त्यांनी मागितला. म्हणाल्या, साहेब, तुमी घरी नेऊन फ्रिजवर ठेवणार न् दुसऱ्या दिवशी इसरणार, त्याच्यापेक्षा मला द्या. माणसं हसली. पुढाऱ्यानं हसत हसत दिला, फोटोपण काढून घेतला. बाईंनी फोटोकडं बघितलंच नाही, त्या देठ मोजायल्या होत्या.

घरी आल्यावर पहिलं काम परातीत पाणी. देठ पाण्यात बुडवून, पाण्याच्या आतच तिरका कापायचा. बाहेर कापला तर देठात हवा जाते, मग फूल पाण्यात उभं राहूनही तहानेनं मरतं, असं त्या सांगायच्या. पाण्यात बुडणारी पानं ओरबाडून टाकायची, नाहीतर ती कुजतात. चिमूटभर साखर, लिंबाचे दोन थेंब. जरबेराला पाणी दोन बोटं, जास्त नाही, त्याचा देठ सडतो. गुलाबाला भरपूर. केळीचा घड त्या खोलीत आणायचा नाही, पिकत्या फळाच्या वाऱ्यानं फुलं लवकर जातात. पंखा लावायचा नाही. उन्हाळ्यात त्या खोलीत बसवत नव्हतं, पण पंखा काकांच्या अंगावर फिरेल एवढाच वळवलेला असायचा, फळीकडं नाही. मान टाकलेला गुलाब त्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून कोमट पाण्याच्या बादलीत उभा ठेवायच्या. दुपारपर्यंत तो वर बघायला लागायचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला.

आणि हे सगळं पाण्याचं. आमच्या भागात नळ आठ-आठ दिवसांनी यायचा. पिंप भरून ठेवायचं, त्यात भांडी, धुणं, काकांचं अंग पुसणं, सगळं भागवायचं. फुलांचं पाणी मात्र रोज दोनदा बदललं जायचं. शेजारची मावशी कुंपणावरून बोलायची, "बाई, आमच्या घरी प्यायला न्हाई आन् तुमची फुलं आंघोळी करायलीत." बाई म्हणायच्या, आंघोळ न्हाई, ते पितेत. काढलेलं पाणी त्या वाया घालवत नसत, त्यात फरशी पुसायच्या. आमच्या फरशीला कायम फुलांच्या शिळ्या पाण्याचा वास यायचा.

विहारात तर त्यांची चांगलीच चेष्टा व्हायची. रविवारी वंदनेला फुलं वाहताना म्हणायचं असतं, की हे फूल जसं कोमेजतं तसाच हा देहही नाशाला जातो. एका उपासिकेनं सगळ्यांसमोर टोमणा मारला, आमी कोमेजतं म्हणून म्हणायलोय न् बाई घरी जाऊन कोमेजू देईनात, मग वंदना कामून करतेत? सगळ्या हसल्या. मी बाईंच्या शेजारी होते. बाई शांतपणे चप्पल घालीत म्हणाल्या,

"कोमेजू दे की. माझ्या हलगर्जीनं कोमेजू नये, एवढंच."

बाईंची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात गेली, बरीचशी पालम तालुक्यात. दिवाळी झाली की तिकडची निम्मी शाळा रिकामी व्हायची. लेकरं आईबापासंगं उसाला जायची, कारखान्यावर, थेट उन्हाळ्यात परतायची. इतके दिवस गैरहजर पोराचं नाव पटावरून कमी करतात. बाईंनी कधी केलं नाही. रिकाम्या जागेकडं बघून नाव घ्यायच्या आणि 'हजर' म्हणून खूण करायच्या. साहेबानं पकडलं, नोटीस आली, पगारवाढ थांबली. बाई मला सांगताना म्हणाल्या, "कमी केलं की संपलं गं. मग ते लेकरू परत येत न्हाई. नाव हाय म्हणल्यावर येतं कधीतरी."

हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी भाकरी थापायले होते. माझं गाव सोनपेठकडचं. माझंही नाव असंच उसाला गेल्यावर कमी झालं होतं, आणि मी परत गेले नव्हते. ते मी बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी मला वाचायला बसवायला लागल्या. आज मी हे लिहायलेय ते त्या दुपारींमुळं. माझ्यावर त्यांचे उपकार कशाकशाचे आहेत ते मला सांगता येणार नाही. पण त्या उपकारांमुळंच मी एक गोष्ट केली, ती सांगायची आहे.

मी घरात राहायला लागल्यापासून काकांचं बरंचसं माझ्याकडं आलं होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, नळीतून पातळ पेज सोडायची. मी त्यांच्या डोळ्यांत रोज बघत होते. काही दिसत नव्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याकडं बघितल्यावर तरी वाटायचं की ती आपल्याकडं बघतेय. काकांच्या डोळ्यांचं तसं नव्हतं. पण मी बाईंपेक्षा शहाणी थोडीच. मला वाटायचं, त्यांच्यासंगं जन्म काढलेल्या माणसाला दिसत असेल ते मला कसं दिसणार.

एका सकाळी हजेरी चालू असताना बाईंनी मला हाक मारली. निशिगंधाची कांडी काकांच्या नाकापाशी धरली होती. "बघ. पापणी हालली. वास गेला त्यांना. बघितलंस ना?"

मी पिंपातून पाणी काढायले होते. मी वळून बघितलं तेव्हा काका होते तसेच होते. बाईंच्या चेहऱ्याकडं बघून मी म्हणाले, "हो बाई. बघितलं."

एवढंसंच खोटं. त्याच्यापुढं ते रोजचंच झालं. बाई विचारायच्या, मी हो म्हणायचे. मनात धाकधूक असायची की कधी न्हाई म्हणाले तर. खोली जाईल ही भीती होती, ती मी लपवत नाही. पण त्याहून मोठी भीती त्यांच्या तोंडाची होती, की माझ्या न्हाईनं ते कसं होईल.

मग काकांच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात नेलं, मुलगा रातोरात गाडी करून आला. दुपारी डॉक्टरांनी तिघांनाही बोलावून नीट समजावून सांगितलं. मशीनवर ठेवायचं म्हटलं तर गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल. त्यातून वाचतीलही, पण आहेत त्याच्यापेक्षा बरे होणार नाहीत. नाहीतर घरी न्या, त्रास कमी होईल अशी औषधं देतो, दोन-चार दिवसांचं राहिलंय. तुमी घरचे ठरवा.

व्हरांड्यात लोखंडी बाकावर आमी बसलो. दादा, म्हणजे बाईंचा मुलगा, वाईट माणूस नव्हता. तो हळूच म्हणाला, आई, त्यांना काही कळत असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. पण कळतच नसेल तर कशाला हे हाल? घरी नेऊ.

बाई म्हणाल्या, कळतं.

"तुला वाटतं, आई."

"मला वाटतं तर हिला विचार. ही रोज असती. हिचा तर काही नवरा न्हाई तो."

दादानं माझ्याकडं मान वळवली. डोळे सुजलेले होते. मला म्हणाला, "ताई, तुमी सांगाल तसं करतो. खरंच कळतं का बाबांना? तुमी डोळ्यानं बघितलंय का?"

मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं, की तू सांगशील तसं करतो. सातवी न शिकलेल्या बाईला. माझ्या मांडीवर बाईंची पिशवी होती, मी तिचा बंद बोटाला गुंडाळत होते. बाई समोरच्या भिंतीकडं बघत असतील असं मला वाटलं, वर बघायचं धाडस झालं नाही.

मी म्हणाले, "हो दादा. पापणी हालवतेत. मी बघितलंय."

दादा उठला आणि सही करायला गेला.

काका वाचले. महिनाभरानं घरी आले, गळ्यात नळी घेऊन. पुढचे चार महिने मी कसे लिहू. कफ ओढायची मशीन दिवसातून आठ-दहा वेळा लावावी लागायची, आणि ती लावली की त्यांचं सगळं अंग वाकायचं, तोंडातून आवाज नाही, नुसतं वाकणं. पडून पडून पाठीला झालेली जखम वाढत वाढत एवढी झाली की ड्रेसिंग करताना माझी बोटं आत जायची. फुलांचा आणि त्या जखमेचा वास खोलीत एकत्र झाला होता. मशीन लावल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. बाई ते पुसायच्या न् म्हणायच्या, बघ, कळतं की न्हाई. आणि मी हातात ती नळी धरून उभी. कळत नसेल, तर मी खोटं बोलून हे घडवलं. आणि कळत असेल, तर मग हे सगळं त्यांना कळत होतं. दोन्हीकडून मला सुटका नव्हती. पाठीला हात लावताना मी मनात माफी मागायचे, पण कुणाची, ते मला समजत नव्हतं.

त्या दिवसांतही हजेरी चुकली नाही. उलट बाई जास्तच करायला लागल्या. कापलेलं फूल फार तर दहा-बारा दिवस टिकतं. बाईंनी एक शेवंती सव्वीस दिवस टिकवली. रोज देठ नखाएवढा कापत कापत शेवटी बोटभर राहिला होता, वाटीत तरंगत ठेवली होती. पाकळ्या तपकिरी झालेल्या. ती टिकलीय का नुसती राहिलीय, असं मला विचारावंसं वाटायचं. बाई म्हणायच्या, हजर.

एका सकाळी मी चहा घेऊन आले तर बाई फळीसमोर नव्हत्या. पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, काकांचा हात हातात. चष्मा लावलेला नव्हता. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, दादाला फोन लाव.

काकांच्या मागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसांनी हार आणले, फुलं आणली, फोटोपुढं ढीग झाला. बाईंनी एकाही फुलाला हात लावला नाही. चार दिवसांनी मीच ते वाळलेलं भरून नेलं. दादा पुण्याला परत गेला, जाताना माझ्या पाया पडायला वाकला, म्हणाला, ताई, तुमच्यामुळं बाबा पाच महिने जास्त मिळाले. मी मागं सरले. दोन दिवस मला ताप होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी जाऊन समोर बसले आणि बोलून टाकलं. म्हणाले, बाई, दवाखान्यात मी खोटं बोलले. मी कधी काही बघितलं नव्हतं. एकदाही न्हाई.

बाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"तवापासून. दादानं विचारलं, तवा मी तुझ्याकडंच बघायले होते."

मी रडायला लागले. म्हणाले, मग तुमी दादाला सांगितलं का न्हाई? तिथंच म्हणायचं होतं, ही खोटं बोलायली म्हणून.

बाईंचा हात सुपात थांबला. आवाज वर्गातला नव्हता.

"मी तरी कुठं बघितलं होतं."

ऊन अंगणात अर्ध्यावर आलं होतं. आमी दोघी तशाच बसलो. मग त्यांनी अर्धे तांदूळ माझ्या पुढ्यात सारले आणि मी निवडायला लागले.

आठ दिवसांनी त्यांनी एक पत्र लिहिलं. त्यांची एक विद्यार्थिनी सुरतेला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, तिला. मला तिथं मावशीचं काम मिळेल असं केलं. मला म्हणाल्या, "तू चांगली हायस. पण तू समोर आलीस की मला तो बाक दिसतो. जा तू." त्यात राग नव्हता. स्टँडवर सोडायला आल्या, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. गाडी सुरू झाली तेव्हा म्हणाल्या, तिकडं कुणी विचारलं तर दिसलं तेवढंच सांग. पुढचं त्यांना ठरवू दे. तेव्हापासून मी दर रविवारी फोन करते. त्या नळ आला का नाही ते सांगतात, मी जेवले का विचारतात. फुलांचं मी विचारत नाही, त्या सांगत नाहीत.

इथं मला मराठी बोलायला दोनच माणसं आहेत. पण नातेवाईक कुठलेही असले तरी एक प्रश्न सगळे विचारतात. डॉक्टर पाच मिनिटं येतो, मावशी दिवसभर असते, म्हणून मावशीला विचारतात. गेल्या महिन्यात एका मुलीनं मला जिन्यापाशी गाठलं. तिचे वडील वीस दिवस तसेच पडून होते. ती तुटक्या हिंदीत म्हणाली, मावशी, तुम्ही सारखं त्यांच्याजवळ असता. पप्पांना समजतं का? तुम्ही काही बघितलंय?

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. ते गिळायला मला किती वेळ लागला कोण जाणे, ती तोवर माझा हात धरून उभी होती.

मी म्हणाले, बेटा, मी बघितलं नाही.

तिनं हात सोडला. संध्याकाळी ती वडिलांना घरी घेऊन गेली. स्ट्रेचर लिफ्टमध्ये घेताना मीच पायाकडून धरलं होतं, आणि दार लागेपर्यंत मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते.

मग परत येऊन मी त्यांची खाट पुसली, चादर बदलली.